बोटीने आलेला पायलट : एका धावपट्टीच्या नोंदी

३ जून २०२४, सोमवार. पोर्ट व्हिला, व्हानुआतु

फिजीमार्गे उतरलो. इथल्या विमानतळाचं नाव बाउअरफील्ड. हॅरोल्ड बाउअर हा अमेरिकन मरीन दलाचा लढाऊ वैमानिक १९४२ साली ग्वादालकनाल बेटाजवळ समुद्रात पडला, त्याच्यावरून. बाहेर पडताना त्या पाटीकडे मी मुद्दाम बघितलं नाही. तो विमानासकट समुद्रात गेला तर त्याचं नाव विमानतळाला, आणि मी पहाटेच्या फ्लाइटआधी एका नळीत फुंकलं तर माझं लायसन्स खुंटीला. (खोकल्याचं औषध घेतलं होतं. त्याबद्दल सवडीने.)

काम असं. टाफेआ प्रांतातल्या एका बेटावरची गवती धावपट्टी साफसूफ करून तपासणीला उभी करायची. टाफेआ म्हणजे टान्ना, अनेइट्युम, फुटुना, एरोमांगो, अनिवा या पाच बेटांची आद्याक्षरं. आपल्याकडे पोरांच्या नावांवरून बंगल्याचं नाव ठेवतात तसंच. मी चाललोय ते बेट त्यांतलंच एक, पण नाव लिहीत नाही. चार घरांची वस्ती, लगेच ओळख पटायची. मागच्या वर्षी मार्चमध्ये ज्यूडी आणि केव्हिन ही दोन चक्रीवादळं पाठोपाठ येऊन गेली, तेव्हापासून पट्टीकडे कुणी धड बघितलेलं नाही. त्यात देशाची विमान कंपनी गेल्या महिन्यात अवसायनात निघाली. विमान नाही म्हणून पट्टी नाही की पट्टी नाही म्हणून विमान नाही, हे कुणालाच नक्की सांगता येत नाही.

मला काय. सहा आठवडे, राहणं-जेवण, वर थोडे पैसे. आणि आईला नातेवाइकांत सांगता येतं, "तो परदेशात प्रोजेक्टवर असतो." प्रोजेक्ट म्हटलं की नोंदी आल्या, म्हणून ही वही.

बेटावर जायचं कसं, विचारलं. ठेकेदार म्हणाला, बोटीने.

७ जून, शुक्रवार. लेनाकेल, टान्ना

तांदळाची पोती, पत्रे, एक फ्रीझर, कोंबड्या आणि मी. पस्तीस हजार फुटांवर चौदा वर्षं काढलेला माणूस समुद्रसपाटीवर रात्रभर ओकत होता. कोंबड्या शांत होत्या.

टान्नाबद्दल मला एकच गोष्ट ठाऊक होती, ती म्हणजे जॉन फ्रम. १९४० च्या सुमारास इथे कुजबुज सुरू झाली की या नावाचा कुणीतरी येणार आहे. मिशनऱ्यांनी बंद पाडलेले नाच आणि कावा नावाचं इथलं पेय पुन्हा सुरू करा, म्हणजे बरे दिवस येतील. सरकारने पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं, त्याने कुजबुज वाढलीच. मग १९४२ मध्ये खरोखरच अमेरिकन फौज आली, एफाटे आणि सांतो बेटांवर. टान्नाचे पुरुष तिथे कामाला गेले. त्यांनी बघितलं की विमानांतून आणि बोटींतून संपतच नाही इतका माल उतरतोय, आणि गोऱ्यांच्या बरोबरीने काळे सैनिकही तेच बूट घालतायत. अजून दर १५ फेब्रुवारीला इथे बांबूच्या बंदुका खांद्यावर टाकून, छातीवर 'यूएसए' रंगवून संचलन होतं.

हे सगळं वाचून मी काय निष्कर्ष काढला असेल? मी पायलट. ही माणसं विमानाची वाट बघणारी. पोर्ट व्हिलाच्या लॉजमध्ये मी युनिफॉर्मचा पांढरा शर्ट इस्त्री करून घेतला, चार पट्ट्यांसकट. हे लिहायला लाज वाटते, पण नोंद ती नोंद.

धक्क्यावर पिकअपवाल्याला विचारलं, "बांबूचं विमान बघायला कुठे मिळेल?"

तो म्हणाला, "विमान बघायचंय तर व्हाइटग्रासला जा, विमानतळ आहे तिथे. बांबूचं नाही, खरं." थोडा थांबून म्हणाला, "सध्या तेही नसतं." मग म्हणाला, "आज शुक्रवार. सल्फर बे या गावी रात्रभर गाणी आणि नाच असतो, जॉन फ्रमवाल्यांचा. येणार असलास तर नेतो. पण तुला नाच नको, विमानच हवंय ना?"

गेलो नाही. बोट रात्री सुटणार होती. ती सुटली सकाळी.

९ जून, रविवार. बेट

बोट लांब उभी राहते, किनाऱ्यापर्यंत होडी. पांढरा शर्ट, चार पट्ट्या, काळा चष्मा असा मी होडीत उभा राहिलो. उभं राहायचं नसतं. शेवटच्या लाटेने मला उचललं आणि किनाऱ्यावर मी चार पायांवर पोचलो. चष्मा गेला.

चर्च सुटलं होतं, त्यामुळे अख्खं गाव हजर. एका बाईने मला हात देऊन उठवलं आणि विचारलं, "फिजी?"

फिजीत भारतीय वंशाचे लोक पुष्कळ, तेव्हा तिचा अंदाज चुकीचा नव्हता. म्हटलं, इंडिया. तिचा चेहरा उजळला. "करी पावडर आणलीस?"

आणली नव्हती. इथे पहिली निराशा.

मग जिफ, म्हणजे गावचे मुखिया, पुढे आले. इथली समाईक बोली बिस्लामा, तिच्यात बहुतेक शब्द इंग्रजीतलेच, पण वेगळ्या गावी नांदायला गेलेले. काम काय करतोस, त्यांनी विचारलं. पायलेट, म्हणालो. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग लांब उभ्या बोटीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"पायलेट असून बोटीने का आलास?"

याचं उत्तर मी व्हिलापासून तयार ठेवायला हवं होतं. दुपारपर्यंत माझं बारसं झालेलं होतं, 'पायलेट वे इ काम लाँग सिप', बोटीने आलेला पायलट. पोरं ते चालीवर म्हणतात.

रविवारी काम करायचं नाही, प्रेस्बिटेरियन गाव. संध्याकाळच्या चर्चला ओल्याच शर्टाने गेलो.

११ जून, मंगळवार

पट्टी मोजली. टेप तीस मीटरची, दुसरं टोक धरायला आठ वर्षांचा एक मुलगा. पहिल्यांदा चोवीस टेप भरली. पडताळा घेतला, तर बावीस. तिसऱ्यांदा पावणेतेवीस. मग लक्षात आलं, मी वाकून खूण करायला लागलो की तो मला मदत म्हणून चार पावलं पुढे येऊन थांबत होता. फार चांगले संस्कार आहेत. चौथ्यांदा खुंट्या ठोकून मोजली: ६८५ मीटर. ट्विन ऑटर किंवा आयलंडर अशा लहान विमानांना भरपूर.

बाकी अवस्था अशी. गवत गुडघाभर, खेकड्यांची बिळं जागोजाग, मधोमध पाणी साचतं. पूर्वेकडच्या टोकाला चाळीस मीटर रताळी लावलेली आहेत. कुणाची, तर सगळ्यांची. काढता येतील का? येतील, तयार झाली की.

नकाशावर पट्टीची सुरुवात चाळीस मीटर पुढे सरकवली. याला विमानशास्त्रात 'डिस्प्लेस्ड थ्रेशोल्ड' म्हणतात. कारणाच्या रकान्यात रताळी लिहिणारा मी पहिलाच असेन.

१४ जून, शुक्रवार

पांढरा रंग, नारिंगी कापड आणि सिमेंट घेऊन येणारी बोट आज येणार होती. आली नाही.

संध्याकाळी नाकामालला बोलावलं. नाकामाल म्हणजे गावच्या वडाखालची मोकळी जागा. चांगला ऐसपैस, पारंब्या सुटलेला वड बघून गावाकडचीच आठवण झाली. इथे पुरुष कावा घेतात, बायकांना मज्जाव. (बायकांचं याबद्दल काय मत आहे ते नंतर शिवणाच्या वर्गात कळलं. इथे लिहिण्यासारखं नाही.) कावा म्हणजे मिरीच्या कुळातल्या एका झुडपाचं मूळ. जुन्या रीतीने पोरांनी चावून, नाहीतर कुटून, पाण्यात कालवून, करवंटीत. चव पावसाळ्यात साचलेल्या गटाराची. एका दमात संपवायचा, शेवटची चूळ थुंकत पूर्वजांना काहीतरी पुटपुटायचं आणि गप्प बसायचं. आपल्याकडे चार पेग झाले की माणूस बोलायला लागतो. इथे दोन करवंट्यांत गाव मुकं होतं.

एक गोष्ट सांगायची राहिली. माझ्या बॅगेत ब्रेथ अॅनालायझर आहे, स्वतःचा, ऑनलाइन घेतलेला. का बाळगतो ते विचारू नये. कावामध्ये अल्कोहोल नसतं हे मला माहीत होतं. म्हणून तिसरी करवंटीही घेतली आणि अंधारात यंत्र काढून फुंकलं. शून्य शून्य शून्य.

यंत्राच्या मते मी उड्डाणाला योग्य होतो. फक्त मला उभं राहता येत नव्हतं. डोकं लख्ख, जीभ बधिर, पाय दुसऱ्या कुणाचे तरी. दोन पोरांनी ढकलगाडीत घालून घरी आणलं, खडीची ढकलगाडी, माझ्याच प्रकल्पाची.

१५ जून, शनिवार

काम नाही.

२० जून, गुरुवार

विंडसॉक. वाऱ्याची दिशा दाखवणारी ती कापडी पिशवी. जुनी वादळात गेली, कापड बोटीत आहे आणि बोट कुठे आहे ते देवाला माहीत. चर्चच्या हॉलमध्ये हाताने फिरवायचं शिलाई मशीन आहे, तिथे बायकांकडे गेलो. माप दिलं: लांबी ३.६ मीटर, रुंद तोंडाचा व्यास ९० सेंटिमीटर, दुसरीकडे निमुळतं. आंतरराष्ट्रीय नियमांत कमीत कमी एवढं सांगितलंय.

मुख्य शिवणकरीण म्हातारी आहे, तिला सगळे आजी म्हणतात. तिने टेप हवेत धरली आणि म्हणाली, "एवढी उंच बाई कुठल्या बेटाची?"

हॉलभर हसू. मी खुलासा करत गेलो तसतसं हसू वाढत गेलं. एकटाच आलाय, साडेतीन मीटरची बाई शोधतोय, आणि हवा भरणार म्हणतो.

पण शिवण बघत बसावं असं. इथल्या बायका 'आयलंड ड्रेस' घालतात, मिशनऱ्यांनी आणलेला घोळदार झगा, भडक फुलांचा, बाह्या फुगीर, कडेला लेस. त्याच कापडाचे उरलेले तुकडे जोडले, लाल जास्वंदी, पिवळ्या पट्ट्या. शिवणीला शिवण अशी बेतली की आतून धागा दिसत नाही. रुंद तोंडाला आजीने सवयीने लेस लावून टाकली. काढा म्हणायचं धैर्य झालं नाही.

दुपारी खांबावर चढवला. वारा बऱ्यापैकी होता, पिशवी फुगून आडवी झाली, लेस फडफडायला लागली. चौदा वर्षांत एवढा देखणा विंडसॉक बघितला नाही. आजी खालून म्हणाली, "लग्नाला चाललीय."

जेवायला लापलाप. कोनफळ-अळकुड्यांचा कीस नारळाच्या दुधात, पानात बांधून तापल्या दगडांवर भाजलेला. पानगीचाच भाऊ, फक्त अंगाने भरलेला. सोबत एक पालेभाजी, बुळबुळीत. भेंडीच्या कुळातली असल्याचं नंतर वाचलं. जिभेला ते आधीच कळलं होतं.

२६ जून, बुधवार

अपघात. सविस्तर लिहितो, कारण चौकशी झाली.

पट्टी दाबायला रोलर नाही म्हणून २०० लिटरचा पिंप ओल्या वाळूने भरून, मध्ये पाइप घालून मीच बनवला. सकाळी पश्चिमेच्या चढावर थांबून घाम पुसला. ब्रेक नव्हता. डिझाइनमध्येच नव्हता. पिंप आधी हळू, मग विचार करून जोरात उताराला लागला, पट्टी सोडून शाळेच्या मागे गेला आणि तिथली एक खुंटी उपटली. त्या खुंटीला मास्तरांचा डुक्कर होता.

मास्तर मलाकुला बेटाचे. तिकडे डुकराचे वरचे सुळे लहानपणीच काढतात, म्हणजे खालच्या सुळ्यांना घासायला काही राहत नाही आणि ते वाढत, वळत गोल होतात. हाताने भरवून वर्षानुवर्षं सांभाळावं लागतं. तो वळलेला सुळा देशाच्या झेंड्यावर आहे. मी ज्याच्या अंगावर पिंप सोडला तो एका अर्थी झेंडाच होता.

डुक्कर पळाला, दुपारी रताळ्यांत सापडला. मास्तर त्याच्याजवळ उकिडवे बसले आणि अंगठा सुळ्यावरून मुळापासून टोकापर्यंत हळूहळू फिरवत नेला. एका जागी अंगठा थांबला. परत मागे नेला, पुन्हा तिथेच थांबला. नखाएवढा चरा. काही बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी जिफसमोर चटईवर बैठक. मी याआधी चौकशीला बसलोय, तिकडे एसी असतो, पाण्याच्या सीलबंद बाटल्या असतात आणि कुणी तुमच्याकडे बघत नाही. इथे सगळे बघत होते. मास्तरांनी डुक्कर पिल्लू असल्यापासूनची हकीकत सांगितली, सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकली. मग माझी पाळी. पिंपाचं सांगितलं. जिफ म्हणाले, ते कळलं. पण तू मुळात इथे का आहेस?

म्हटलं, लायसन्स तीन वर्षं बंद आहे. का? खोकल्याचं औषध घेतलं होतं.

शांतता. मग कोपऱ्यातले ओल्फाला, सगळ्यांत वयस्कर, म्हणाले, "तीन वर्षं? तुमचा देश खोकल्याला एवढा घाबरतो?"

कुणी हसलं नाही. त्यांनी खरंच विचारलं होतं. भारतात पहिल्यांदा सापडलं तर तीन महिने, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा लायसन्सच रद्द. तीन वर्षं म्हणजे दुसरी वेळ, हे कुठल्याही पायलटला हिशोब न करता कळतं. इथे कुणाला माहीत नव्हतं, तरी मी सांगून टाकलं. पहिल्यांदा औषधच होतं, निम्मं. दुसऱ्यांदा व्हिस्की. रात्री अकरापर्यंत, सकाळी सहाचं विमान, १८० प्रवासी. बिस्लामात सांगितलं म्हणून जमलं असेल. मराठीत आईलाही अजून सांगितलेलं नाही.

ओल्फालांनी मान डोलावली. निकाल: एक तांदळाचं पोतं, दोन चटया, एक कोंबडा, एक कावाचं मूळ, आणि पिंपाला ब्रेक. मी दिलं, मास्तरांनी घेतलं, हात मिळवले. त्याच चटयांवर सगळे जेवले. विषय संपला. खरंच संपला, दुसऱ्या दिवशीही कुणी काढला नाही. मास्तर ब्रेकसाठी लाकूड घेऊन आले.

१ जुलै, सोमवार

पाणी काढायला कडेने चर खणतोय. ओल्फाला सकाळपासून बसून बघतायत. शेवटी म्हणाले, शेजारच्या अनिवावर फार पूर्वी पेटन नावाचा मिशनरी विहीर खणायला लागला, तेव्हा लोक म्हणाले याला वेड लागलं, पाऊस वरून येतो, खालून कसा येईल? गोडं पाणी लागलं. बेट ख्रिस्ती झालं. "तुला काय लागलं?"

रताळं.

५ जुलै, शुक्रवार

बोट आली नाही. गेले तीन शुक्रवार मी सकाळी सहाला किनाऱ्यावर जाऊन बसतो. मालाची यादी क्लिपबोर्डला लावलेली असते. क्षितिजावर ढगाचा तुकडा दिसला तरी उभा राहतो. आज मागे चाहूल लागली म्हणून बघितलं, तर चार-पाच पोरं माझ्यासारखीच ओळीत बसलेली, केळीच्या सोपाचे क्लिपबोर्ड मांडीवर. एक उभा राहायचा, डोळ्यांवर हात धरायचा, मान हलवून बसायचा. मग दुसरा.

मालाची वाट बघणारी माणसं बघायला मी आलो होतो!

रंगाचं शेवटी असं झालं: ओल्फालांनी आजोबांकडून ऐकलेलं होतं की चर्चच्या पहिल्या भिंतीचा चुना प्रवाळ भाजून केला होता. खड्डा, लाकडं, वर पांढऱ्या प्रवाळाचे तुकडे, रात्रभर जाळ. सकाळी पाणी मारलं तर फसफसून पीठ. जुने टायर त्याने रंगवून दोन्ही कडांना मांडले. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं भाजली, चुन्याची निवळी ऐकली होती, चुन्याचा राग आज बघितला.

१९ जुलै, शुक्रवार

विमान आलं.

भाड्याचं आयलंडर, नऊ जणांचं. आधी एक फेरी वरून मारली, दोन डुकरं आणि एक फुटबॉल बाजूला झाला, मग रताळी वाचवून अगदी माझ्या खुणेवर चाकं टेकली. पायलट मुलगी, सत्तावीस-अठ्ठावीसची. सोबत तपासणीचे साहेब. त्यांनी चालत पट्टी बघितली, टाचेने दोन-तीन ठिकाणी ठोकली, विंडसॉकखाली बराच वेळ उभे राहिले. "लेस?" एवढंच विचारलं. पायलट म्हणाली, वरून सगळ्यांत आधी तोच दिसला. कागदावर सही झाली.

परतीच्या विमानात माझी जागा ठरलेली. इथे काट्यावर सामानासोबत माणसालाही चढवतात आणि आकडा मोठ्याने पुकारतात, अख्ख्या गावासमोर. मी ८४. टाळ्या पडल्या, आलो तेव्हा पोरांनी ९१ अंदाजलं होतं.

पायलटला मदत म्हणून लोडशीट, म्हणजे वजनांचा तक्ता, मी भरायला घेतली. सवयीचं काम, पेन हातात आल्यावर भाजलेली बोटंही चालतात. साहेब, मास्तर, दोन विद्यार्थी, कोनफळांची पोती, मी. बेरीज बसत होती. तेवढ्यात आजीची सून आली, आठवा महिना, पाय सुजलेले. नर्सने लेनाकेलच्या इस्पितळात न्यायला सांगितलं होतं. ती, सोबत आजी. पोती उतरवली तरी ६० किलो जास्त. पायलटने कागद बघितला, मग माझ्याकडे. तिने काही म्हणायच्या आत मी माझ्या नावावर रेघ मारली. मग एक पोतं परत चढलं.

पट्टीच्या कडेला उभं राहून टेकऑफ बघितला. ४०० मीटरच्या आत उचललं. माझ्या मते नाक किंचित लवकर वर घेतलं, पण माझं मत कुणी विचारलं नव्हतं. मागून पोरांची चाल सुरू झाली, नवी ओळ जोडलेली: बोटीने आला, बोटीने जाणार.

२६ जुलै, शुक्रवार

बोट आली नाही.

लेनाकेलहून निरोप, मुलगी झाली, दोघी ठीक. आजी म्हणे इस्पितळात सगळ्यांना विंडसॉकचा फोटो दाखवतेय.

३० तारखेला देशाचा स्वातंत्र्यदिन, १९८० पासूनचा. फुटबॉलचे सामने घ्यायचेत. वडाखाली बैठक झाली, बेटावरची सगळ्यांत सपाट, दाबलेली, कडेला पांढऱ्या खुणा असलेली जागा कोणती. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

चुना अर्धी बादली उरलाय. उद्या सकाळी पेनल्टीची चौकट आखायची आहे, टेपचं टोक धरायला तोच मुलगा येणार आहे.